एका होमलोनसाठी सहा जणांनी माझा सिबिल (कर्जफेडीचा रिपोर्ट) उघडला, हे चालतं का?

पिंप्राळेकर
जळगावात पिंप्राळ्याकडे एक रोहाऊस बघितलं, २८ लाखांचं लोन लागणार होतं. बिल्डरच्या ऑफिसातच एजंट बसलेला, तो म्हणे दादा तुम्ही फक्त सह्या करा बाकी मी बघतो. आधार, पॅन, पगारपत्रकं, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, फॉर्म १६ सगळं दिलं आणि जिथे जिथे पेन्सिलीने फुली होती तिथे सही ठोकली. आठ दिवसांत मोबाईलवर मेसेजवर मेसेज, अमक्याने तुमचा क्रेडिट रिपोर्ट बघितला, तमक्याने बघितला. मोजले तर सहा! मी दोनच बँकांचं बोललो होतो त्याच्याशी.
आता त्यातला स्कोअर ७७१ चा ७४६ झालाय, आणि जिथून घ्यायचं पक्कं केलं होतं तिथला साहेब म्हणतो ७५० च्या खाली गेले तुम्ही, पाव टक्का जास्त लागेल. साडेआठच्या जागी पावणेनऊ, वीस वर्षांचा हिशोब केला तर महिन्याला ४४५ रुपये जास्त म्हणजे एकूण लाखाच्या वर गेलं. गोलाणी मार्केटात चार दुकानं फिरलो म्हणून पाचवा दुकानदार भाव वाढवून सांगतो का? मग कर्जाची चौकशी केली तर मार्क का कापायचे? माझं म्हणणं एवढंच, बघा पण आधी विचारून बघा.

निवृत्त_बँकवाला
भाऊ, राग समजतो, पण ३१ वर्षं कर्जखात्यात घासली म्हणून सांगतो, तुम्ही चुकीच्या माणसावर चिडताय. सिबिल नव्हतं तेव्हा काय व्हायचं ते आठवा. कर्ज मागायला आलेल्या माणसाला आम्ही गावातल्या प्रत्येक बँकेचा आणि सोसायटीचा नो ड्यूज दाखला आणायला लावायचो. बिचारा ऊन्हात चार-चार शिक्के गोळा करत फिरायचा, एखादा मॅनेजर रजेवर असला की आठवडा गेलाच. आणि एवढं करून पण लोक तिसऱ्या तालुक्यातलं थकीत कर्ज लपवायचेच. २००० साली सिबिल आलं, २००५ ला त्याचा कायदा झाला, आता हेच काम दोन मिनिटांत होतं. बँक स्वतःच्या खिशातून देत नाही, आमच्यासारख्या पेन्शनरच्या एफडीतून देते. न बघता द्यायचं का?
आणि सही तुमचीच आहे ना. त्या फुलीच्या वर जो बारीक मजकूर असतो त्यात संमती असते.

कापूसवाली_चोपडा
नाना, दाखला मागायचे ते कळलं, पण तेव्हा निदान माणूस समोर होता, सांगू तरी शकायचा की बापाच्या दवाखान्यामुळे दोन हप्ते चुकले. आता मशीन ३०० ते ९०० मधला एक आकडा देतं आणि साहेब मान वर करून बघत पण नाही. आमच्या सासऱ्यांनी गावच्या पतसंस्थेचं कर्ज वीस वर्षं एक तारीख न चुकवता फेडलं, त्याचा त्या रिपोर्टात एक शब्द नाही. पण कुणा फायनान्सवाल्याने एकदा उघडून बघितलं तर ते मात्र तारखेसकट छापून येतं. चांगलं वागणं दिसत नाही, चौकशी दिसते, हा कुठला न्याय?
पीककर्जाला सिबिल मागू नका म्हणून २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांना बँकांना तंबी द्यावी लागली ती उगाच नाही.

अमळनेरवाला
काय सांगू भाऊ, मन्हं बी असंच व्हयनं. फक्त मी कर्ज मागितलं नव्हतं, मित्राला जामीनदार राहिलो होतो. जामीनदाराचा पण रिपोर्ट काढतात हे माले काय माहीत!

देवपूरकर
पिंप्राळेकर, एक विचारू, रागवू नका. २५ मार्क फक्त चौकशीमुळे गेले हे तुम्ही ठरवलं की कुणी सांगितलं? मी धुळ्यात अकाउंटचं काम करतो, रोज पाच-दहा रिपोर्ट डोळ्याखालून जातात. चौकशीचा फरक पडतो पण एवढा एकटीचा सहसा नसतो. मध्यंतरी क्रेडिट कार्ड जास्त वापरलं का?

पिंप्राळेकर
... नवरात्रात फ्रीज आणि टीव्ही घेतला कार्डावर. लिमिट ८० हजार, त्यातले ७१ हजार वापरले. पण बिल पूर्ण भरलंय!

देवपूरकर
हां, मग तिथेच अर्धं उत्तर आलं. बिल भरायच्या आधीच बँकेने सिबिलला कळवलं असेल तर त्या दिवशी तुम्ही लिमिट जवळपास संपवलेला माणूस दिसता. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरा दिवसांनी तरी माहिती कळवावी लागते, त्यामुळे पुढच्या एक-दोन अपडेटमध्ये बराचसा स्कोअर परत यायला पाहिजे. लॉगिन, म्हणजे बँकेत फाईल टाकणं, थोडं थांबवता आलं तर थांबवा.

पिंप्राळेकर
मान्य, फ्रीजचं माझं चुकलं. पण सहा चौकशांचं काय? त्या तर कुठल्या बिलाने जाणार नाहीत.

केळीवाला_रावेर
माझा भाचा अमेरिकेत आहे, तिकडे घरकर्जासाठी दहा बँकांना विचारलं तरी ४५ दिवसांच्या आतलं सगळं एकच चौकशी धरतात तिकडच्या नवीन फायको स्कोअरमध्ये (आपल्या सिबिल स्कोअरसारखाच). कारण उघड आहे, माणूस घर एकच घेणार, दहा नाही. आपल्याकडे असं काही का नाही? इथे तर व्याज घासाघीस करून कमी करा म्हणून सगळे सल्ला देतात आणि घासाघीस करायला गेलं की तोंडावर आपटतात.

निवृत्त_बँकवाला
रावेरकर, हा मुद्दा मात्र मी मानतो. चौकशीच्या रकान्यात काय असतं बघा, कोणी बघितलं, कधी, कशासाठी आणि किती रकमेसाठी. कर्ज नाकारलं की मंजूर झालं हे तिथे लिहिलेलं नसतं. पण आठ दिवसांत सहा वेळा २८ लाख दिसले की खुर्चीवरच्या माणसाच्या डोक्यात पहिला विचार हाच येतो की बाकी पाच जणांनी हाकललं असणार. मीही असाच विचार करायचो, खोटं कशाला बोलू. तो एजंट सगळीकडे एकदम फेकतो कारण जिथे लागेल तिथून त्याला कमिशन.

भुसावळ_जंक्शन
मग एजंटलाच धरा ना. बँक पण बरोबर, ग्राहक पण बरोबर, आणि मधला गायब.

चाळीसगावची_ताई
मी उलट्या बाजूने बोलते. आमच्या भागात एका गल्लीत एकाच नावाचे तीन पाटील निघतील, वडिलांचं नाव पण तेच. माझ्या दिराने घरकर्जाचा अर्ज केला तेव्हा रिपोर्टात एक ट्रॅक्टर निघाला, थकीत! दिराकडे साधी बैलजोडी पण नाही, तो कॉलेजात शिकवतो. बँकेने तपासलं म्हणून कळलं, नाहीतर ते भूत जन्मभर मानगुटीवर बसलं असतं. तक्रार केली, ३० दिवसांत निकाली नाही काढली तर दिवसाला १०० रुपये भरपाई असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे हे अर्जातच लिहून दिलं, आणि तेविसाव्या दिवशी ट्रॅक्टर गेला.
त्यामुळे मला तर वाटतं लोकांनी बँकेच्या आधी स्वतःच बघावं. स्वतः बघितल्याने एक मार्क पण जात नाही, आणि चारही कंपन्यांना, सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावाच लागतो. घर बघायला जायच्या तीन महिने आधी काढायचा. आपण मात्र आधी टोकन देतो, पेढे वाटतो आणि मग सिबिल बघतो.

कापूसवाली_चोपडा
ताई, दीर कॉलेजात शिकवतो म्हणून त्याला अर्ज लिहिता आला. आमच्या गावात किती जणांना हे जमेल? ट्रॅक्टर नाही म्हणून घरही नाही असं होऊन बसायचं.

चाळीसगावची_ताई
हो, ते खरंय. त्याने पण अर्ज मलाच लिहायला लावला, ती वेगळी गोष्ट 😄

पिंप्राळेकर
बरं, ताईंचं ऐकून रिपोर्ट काढला. सहापैकी दोन मी सांगितलेल्या बँका, एक एजंटने तोंडी सांगितलेली होती असं आता आठवतंय. राहिल्या तीन, त्यातल्या एका फायनान्स कंपनीचं नावच पहिल्यांदा ऐकतोय. तिघांवर तक्रार टाकलीय की मी अर्ज केला नाही. एकाचं उत्तर आलं पण, म्हणे तुमच्या सहीचं संमतीपत्र आमच्याकडे आहे, त्यात 'आणि इतर वित्तसंस्था' असं लिहिलंय.

निवृत्त_बँकवाला
सही केलेल्या कागदांची झेरॉक्स आहे ना तुमच्याकडे? बघा बरं ते शब्द छापील आहेत की नंतर पेनाने घातलेत.

पिंप्राळेकर
नाना, झेरॉक्स पण एजंटकडेच आहे.