खडूने लिहिलेली नावं

"सतत हरणाऱ्या संघामागे जन्म घालवणं म्हणजे वेळेची नासाडी," असं कुणीतरी म्हटलंय. मला नाही पटत.

शिकागो कब्स हा अमेरिकेतला बेसबॉल संघ १९०८नंतर थेट २०१६ला अजिंक्य ठरला, १०८ वर्षांनी. तेव्हा मी त्यांच्या घरच्या मैदानाच्या, रिग्ली फील्डच्या बाहेर होतो. लोक मैदानाच्या विटांच्या भिंतीवर रंगीत खडूंनी नावं लिहीत होते, कितीतरी नावं गेलेल्या माणसांची. खाली जागा उरली नव्हती, म्हणून एक साठीच्या बाई मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन, टाचा उंचावून 'डॅड' लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी त्या विटेवर तळहात टेकवला आणि बराच वेळ काढलाच नाही. देवळात याहून वेगळं काय करतो आपण?

शेवटचा सामना क्लीव्हलंडच्या संघाशी, क्लीव्हलंडलाच होता. ठरलेल्या नऊ डावांनंतर ६-६ बरोबरी, मग पावसाने १७ मिनिटं खेळ थांबला. ती १७ मिनिटं कशी काढली, माझं मला माहीत! दहाव्या डावात कब्स ८-७ने जिंकले.

क्लीव्हलंडची माणसं मात्र १९४८पासून पुढच्या अजिंक्यपदाची वाट बघतायत. त्यांच्यासाठीही जीव तुटतो.