लॉस एंजेलिसचं उदाहरण बघा
बेघरपणाचं मूळ व्यसनात आहे, त्यात वंश कशाला आणायचा, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) कृष्णवर्णीय जेमतेम 8-9 टक्के, पण बेघरांमध्ये साधारण एक तृतीयांश. व्यसनं काय त्यांनाच असतात? 1930 च्या दशकात सरकारी नकाशांवर त्यांच्या वस्त्या कर्जासाठी धोकादायक म्हणून लाल रंगवल्या, गृहकर्जं अडली आणि पुढच्या पिढीतल्या अनेकांना आसऱ्यापुरतंही घर उरलं नाही. आजही घरमालक क्रेडिट स्कोअर, भाड्याच्या तिप्पट पगार आणि घर खाली करण्याच्या जुन्या खटल्यांची नोंद बघतो. काउंटीत 88 शहरं! एका शहराने बेघरांचे तंबू उठवले की माणसं शेजारच्या शहरात, म्हणून नियोजन प्रादेशिकच हवं. 2024 मध्ये काउंटीतल्या मतदारांनी बेघरपणा कमी करण्यासाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी अर्धा टक्का विक्रीकर मंजूर केलाय. तो पैसा भाडं थकलेल्या कुटुंबांपर्यंत घर सुटण्याआधी पोचायला हवा.