नवख्याने पोर्ट्रेटचा दर किती ठेवावा? (बडोदे)

छायाप्रकाश: "पहिलं वर्ष पाचशेत कर, नाव झालं की वाढव" हा सल्ला नवख्यांना सर्रास मिळतो. मला तो साफ चुकीचा वाटतो. सयाजीबागेतलं दीड तासाचं शूट धरा. जाणं-येणं १ तास, दोनशे फ्रेममधून १५ निवडायला १ तास, फोटोमागे १५ मिनिटं एडिटिंग म्हणजे पावणेचार तास. झाले सव्वासात तास. कॅमेरा, ५० मिमी लेन्स आणि फ्लॅशचे ९०,००० तीन वर्षांत फेडायचे, वर्षाला ६० शूट मिळाली, तर दर शूटला ५०० नुसता कॅमेराच खातो! तासाला १५० मजुरी धरा, वर पेट्रोल आणि हार्ड डिस्क. १,८०० च्या खाली उतरू नये.

भिंगवाला: हिशेब बरोबर, निष्कर्ष पटत नाही. नवख्याने एफ/१.८ वर (म्हणजे लेन्स खूप उघडी, फोकसची खोली अगदी कमी) जवळून चेहरा टिपला की एक डोळा स्पष्ट, दुसरा धूसर. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर कळतही नाही. झाडाखाली बसवलं की गालावर हिरवट छटा येते ती वेगळीच. असले फोटो १,८०० ला कसे द्यायचे? पहिली आठ शूट ओळखीपाळखीत, खर्चापुरते ६०० घेऊन करावीत. बदल्यात फोटो वापरायची परवानगी घ्यावी, तीही लेखी.

छायाप्रकाश: मग बिलावर आधी १,८०० लिहा, खाली "सवलत १,२००". नाहीतर त्या गिऱ्हाइकाने पाठवलेला माणूसही ६०० च काढून ठेवतो, आणि ते चुकीचं नाही, त्याला दर तोच सांगितलेला असतो.

रावपुरा_कट्टा: आकड्यापेक्षा अटींत जास्त पैसे गळतात हो. "१५ फोटो" असं लिहिलं नाही की लोक दोनशेच्या दोनशे मागतात. जादा फोटो १००, दुरुस्ती एकदाच, निम्मे पैसे आगाऊ. पावसाने तारीख बदलली तर आगाऊ रक्कम पुढे धरायची. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली एडिट न केलेली मूळ फाइल) देऊ नये. कुणीतरी भडक फिल्टर मारतं आणि फोटो तुमच्या नावावर फिरतो.

भिंगवाला: बाकी मान्य, पण निम्मे आगाऊ नको. काम न बघता नवख्याच्या हातात इतके कोण देईल? ५०० पुरे. आणि फोकस हुकला तर पुन्हा शूट फुकट, हे कागदावर हवंच.

छायाप्रकाश: हवंच. पण ती वेळ येऊ नये म्हणून एफ/२.८ ठेवा, म्हणजे फोकसची खोली वाढते, आणि दर दहा फ्रेमनंतर कॅमेऱ्यावर फोटोतला डोळा झूम करून बघा, गिऱ्हाईक समोर असतानाच.