मदत हवी आहे: स्पिंडल फिरला की डस्ट कलेक्टर आपोआप चालू व्हावा

नमस्कार मंडळी,

कुडाळला माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. चार बाय आठ फुटांचा सीएनसी राउटर (कॉम्प्युटरवरच्या फाइलीप्रमाणे लाकूड कापणारं मशीन) आहे, तो माक-३ या कंट्रोल सॉफ्टवेअरने चालतो. स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) २.२ किलोवॅट, वॉटर-कूल्ड, सिंगल फेज व्हीएफडीवर (मोटरचा वेग ठरवणारा ड्राइव्ह). डस्ट कलेक्टर, म्हणजे भुकटी ओढणारं सक्शन, २ एचपीचा, तोही सिंगल फेज, नेमप्लेटवर ९.५ अँपिअर आहे. गणपतीआधीचे दोन महिने मखरांचं काम असतं, म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत एमडीएफच (लाकडी तंतूंचा दाबलेला बोर्ड) कापत असतो.

अडचण अशी की सक्शनचं बटण मशीनपासून बारा फुटांवर, मागच्या भिंतीला आहे. शीट लावली, झीरो घेतला, सायकल स्टार्ट दाबलं की नजर बिटवर जाते आणि बटण राहून जातं. गेल्या आठवड्यात मी बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होतो. आत माझ्या मामांनी जाळीची फाइल सुरू केली आणि पंचवीस मिनिटं सक्शनशिवाय कटिंग झालं. आत गेलो तर समोरची भिंत दिसत नव्हती. रेलवर हात फिरवला तर ग्रीस आणि भुकटी मिळून कणीक मळल्यासारखा लगदा झालेला. रेल पुसता येते, पण मामा एकसष्ट वर्षांचे आहेत आणि त्या रात्री ते पहाटेपर्यंत खोकत होते. लक्षात ठेवण्यावर सोडायची ही गोष्ट नाही, हे मला तेव्हा पटलं.

एक प्रयत्न करून झालाय. ऑनलाइन मिळतं ते निळं रिले मॉड्यूल आणलं, वर '१० अँपिअर २५० व्होल्ट' छापलेलं. ब्रेकआउट बोर्डाच्या (कॉम्प्युटर आणि मशीन जोडणारं सर्किट) आउटपुटवर लावून त्यातून थेट डस्ट कलेक्टरची फेज नेली. चार दिवस छान चाललं. पाचव्या दिवशी एम५ (स्पिंडल बंद करायचा कोड) आला, स्पिंडल थांबला, मॉड्यूलचा दिवा विझला, पण सक्शन चालूच! शेवटी मेन स्विच पाडावा लागला. रिले फोडून पाहिला तर दोन्ही कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटलेले. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ढकलल्यावर टक्कन सुटले, आणि एका टिकलीवर काळा खड्डा पडलेला होता.

विचारायचं हे: साडेनऊ अँपिअरच्या मोटरला दहाचा रिले का पुरला नाही? एक मित्र म्हणतो, स्पिंडलच्या वायरवर करंट सेन्सिंग स्विच बसव, म्हणजे कंट्रोलरला हात लावायलाच नको. ते बरोबर आहे का? दोन्ही एकदम सुरू झाले की कधीकधी १६ अँपिअरची एमसीबी पडते, त्याचं काय करू? आणि बिट बदलताना सक्शन सारखं बंद-चालू होतं, ते मोटरला चालेल का? आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १९० पर्यंत उतरतं, तेही सांगून ठेवतो.

पॅनेलवाला

आधी ते मॉड्यूल पूर्ण काढून टाका, दुसरं आणून लावू नका. १० अँपिअर हे हीटरसारख्या साध्या लोडचं रेटिंग. मोटर सुरू होताना पहिला क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते, म्हणजे तुमच्याकडे ५० च्या आसपास. त्यात कॉन्टॅक्ट मिटताना किंचित उसळतो, ठिणगी पडते, धातू वितळून तिथेच चिकटतो. तुम्ही पाहिलेला काळा खड्डा तोच.

मोटरसाठी कॉन्टॅक्टरच (मोटरच्या लोडसाठी बनवलेला मोठा रिले) हवा. १८ अँपिअरचा घ्या, एसी-३ (मोटर लोडचं) रेटिंग बघून, आणि खाली ओव्हरलोड रिले, जो मोटर जास्त करंट ओढत राहिली की ती बंद करतो. ओव्हरलोड तीन पोलचा येतो आणि तुमची मोटर सिंगल फेज. दोनच पोल वापरले तर एक फेज गेली असं समजून तो विनाकारण ट्रिप होऊ शकतो. म्हणून फेज एका पोलातून न्या, न्यूट्रल उरलेल्या दोन पोलांतून एकापाठोपाठ. नवखे वायरमन हे हमखास विसरतात.

कॉन्टॅक्टरला सिग्नल व्हीएफडीच्या रिलेतून द्या. जवळपास प्रत्येक व्हीएफडीत एक रिले आउटपुट असतो. फॅक्टरीतून तो बहुधा 'फॉल्ट'वर सेट केलेला येतो. मॅन्युअल बघून 'रनिंग'वर करा. मग स्पिंडल माक-३ ने सुरू होवो की व्हीएफडीच्या कीपॅडवरून, सक्शन येणारच.

करंट सेन्सिंगचं: ती युक्ती गोल करवतीला किंवा हँड राउटरला उत्तम. इथे नको. व्हीएफडीच्या आउटपुटला फ्रीक्वेन्सी शून्यापासून ४०० हर्ट्झपर्यंत जाते आणि वेव्हही चिरफाळलेली असते, ५० हर्ट्झसाठी बनवलेला स्विच तिथे गोंधळतो. इनपुटला लावला तर स्पिंडल हवेत फिरताना करंट इतका कमी की स्विच धड ठरवू शकत नाही. आणि व्हीएफडी ते स्पिंडल या वायरमध्ये कॉन्टॅक्टर किंवा स्विच कधीच घालू नका, चालत्या लोडवर ती वायर तुटली तर व्हीएफडी जातो.

सांगलीकर

मी हेच काम एम८ ने (कूलंट चालू करायचा कोड) केलंय. माक-३ मध्ये पोर्ट्स अँड पिन्स, स्पिंडल सेटअप, तिथे फ्लड-मिस्टचे आउटपुट आहेत. कूलंट वापरत नसाल तर एम८ सक्शनला द्या आणि एम९ ने बंद करा. पोस्ट प्रोसेसरमध्ये (डिझाइनवरून मशीनची फाइल बनवणारी सेटिंग) एम३ च्या, म्हणजे स्पिंडल चालू करायच्या कोडच्या, आधीच एम८ लिहून ठेवा, म्हणजे आधी सक्शन, मग स्पिंडल, एमसीबीवर दोन्ही धक्के एकदम येत नाहीत. मध्ये जी४ चा थांबा टाका, पण पी (थांब्याचा वेळ) सेकंदात आहे की मिलिसेकंदात ते जनरल कॉन्फिगमध्ये आधी तपासा. माझ्याकडे पी३ म्हणजे तीन मिलिसेकंद निघाले होते.

पॅनेलवाला

सांगलीकर, पद्धत चुकीची नाही, पण यांना नको. जुन्या फाइलींत एम८ नसेल, कोणी एमडीआयवरून (हाताने कोड टाइप करून) एम३ दिला तर सक्शन येणार नाही. म्हणजे भिंतीवरचं बटण विसरायचं ते आता फाइलीत विसरायचं. मामांच्या खोकल्याचा प्रश्न असेल तर सक्शन स्पिंडललाच बांधलेलं हवं.

एमसीबीचं कारण वेगळं वाटतंय. दोन्ही एकाच एमसीबीवर आहेत ना? आणि ती बी कर्व्ह असणार. बी कर्व्ह तीन ते पाच पटीला लगेच पडते, म्हणजे ४८ अँपिअरपासूनच. डस्ट कलेक्टरला स्वतंत्र लाइन आणि सी कर्व्हची एमसीबी द्या, ती सुरुवातीचा धक्का जास्त सोसते.

१९० व्होल्ट वाचून थांबलो. कॉन्टॅक्टर ओढून धरणाऱ्या २३० च्या कॉइलची खात्री ८५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण १९५. त्याखाली कॉन्टॅक्टर खडखडायला लागतो आणि कॉन्टॅक्ट जळतात. म्हणून कॉइल २४ व्होल्ट डीसी घ्या आणि रुंद इनपुट रेंजचा एसएमपीएस (डीसी पॉवर सप्लाय), तो १९० वरही पूर्ण २४ देतो. व्हीएफडीच्या रिलेतूनही मग २४ च जातील. कॉइलवर उलटा डायोड लावायला विसरू नका, नाहीतर सुटताना जो झटका येतो त्याने ब्रेकआउट बोर्डावर खोटे लिमिट सिग्नल येतात.

बिट बदलण्यासाठी ऑफ-डिले टायमर. स्पिंडल थांबल्यावर वीस सेकंद सक्शन चालू राहील. पाइपातला भुसा साफ निघतो आणि कपॅसिटर-स्टार्ट मोटरला दर मिनिटाला स्टार्ट घ्यावा लागत नाही. टायमर नसला तर स्टार्टिंग कपॅसिटर आधी तापतो, मग फुगतो.

रंधा

वायरिंगचं वरच्यांनी सांगितलंय, मी माणसाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

आपोआप सुरू होणारी मोटर साफ करायच्या वेळी धोक्याची असते. पंख्यात पट्टी अडकली म्हणून कोणी हात घातला आणि तेवढ्यात दुसऱ्याने फाइल चालवली तर? डस्ट कलेक्टरच्या अगदी शेजारी आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) बसवा आणि हात घालण्याआधी तो पाडायची सवय सगळ्यांना लावा. पॅनेलवर ऑटो-बंद-मॅन्युअल असा तीन पोझिशनचा स्विच ठेवा. इमर्जन्सी स्टॉप दाबला की कॉन्टॅक्टरची कॉइलही तुटली पाहिजे, टायमरला वळसा न घालता.

दुसरं, सक्शन चालू आहे म्हणजे हवा ओढतंय असं नाही. पिशवी भरली, ब्रशची झालर झिजली की भुकटी बाहेरच. एमडीएफची बारीक धूळ साध्या कापडी पिशवीतून गाळून परत खोलीत येते. शक्य असेल तर कलेक्टर भिंतीपलीकडे, शेडमध्ये न्या. होजमधल्या तारेला अर्थिंग द्या. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग होतो हे नक्की झालेल्या गोष्टींत टाकलंय, आणि एमडीएफमध्ये वर फॉर्मल्डिहाइडची राळ. मामांना मास्क द्याच, आणि खोकला राहिला तर छातीच्या डॉक्टरांना दाखवा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वायरमनला घेऊन सगळं बसवलं. २४ व्होल्टची कॉइल, ऑफ-डिले टायमर, स्वतंत्र सी कर्व्ह एमसीबी, व्हीएफडीचा रिले 'रनिंग'वर. एम३ दिला की पॅनेलमध्ये टक् आवाज येतो आणि स्पिंडल वेग घेईपर्यंत होज ताठ झालेला असतो. एम५ नंतर वीस सेकंदांनी बंद. संध्याकाळी १९२ व्होल्टला मुद्दाम चालवून पाहिलं, खडखड नाही. इमर्जन्सी दाबली तर दोन्ही त्याच क्षणी पडले.

एकच राहिलं. ओव्हरलोड ट्रिप झाला तर सक्शन बंद पडेल पण कटिंग चालूच राहील. ओव्हरलोडचा ९७-९८ कॉन्टॅक्ट (ट्रिप झाल्यावर मिटणारा) माक-३ च्या इनपुटला देऊन फीड होल्ड घेऊ का, म्हणजे मशीनची चाल थांबेल?

पॅनेलवाला

नुसता फीड होल्ड नको. बिट एका जागी फिरत राहतो, एमडीएफ जळतं, आणि कोणी तशातच सक्शन पुन्हा चालू केलं तर निखारा थेट पिशवीत जातो. ९७-९८ वर हूटर आणि लाल दिवा लावा. आवाज आला की मामांनी आधी झेड (बिटची वर-खाली चाल) वर घ्यायचा, मग स्पिंडल बंद.

धागाकर्ता

समजलं. हूटर उद्या आणतो. डस्ट कलेक्टर शेडमध्ये न्यायला भिंतीत भोक पाडायला गवंडीही सांगितलाय, तो सोमवारी येतोय.