विहिरीच्या मोटरीचा मोबाईल स्टार्टर: सहा महिन्यांचा वापराचा अनुभव दुरून कसा तपासायचा?

औसेकरीण:
नमस्कार मंडळी. मी औशाची, घरूनच काम करते. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं यूएक्सचं, म्हणजे वस्तू वापरणाऱ्याचा अनुभव तपासायचं काम माझ्याकडं आहे. कंपनी मोबाईल स्टार्टर बनवते. पेटीत सिम असतं, ॲपवरून नाहीतर मिस्ड कॉलवर मोटर चालू-बंद होते. रात्रीची पाळी असली तर पांघरुणातून उठून विहिरीवर जायची कटकट वाचते.

पेटी बसवल्याच्या आठवड्यात कुणालाही विचारा, "लई भारी" हेच उत्तर येतं. मला त्याच्या पुढचं पाहिजे. हरभऱ्याच्या पहिल्या पाण्यापासून उन्हाळ्यापर्यंत मत कसकसं बदललं? शेतकरी वीसेक, तेही औसा, निलंगा, अहमदपूर, कळंब असे विखुरलेले, आणि फिरायला पैसे नाहीत. म्हणजे सगळं फोनवरूनच.

माझ्यासमोर चार रस्ते आहेत: रोजची डायरी, मधूनच मेसेज टाकून "आत्ता कसं चाललंय" विचारणं, शेवटी एकदाच मागचं आठवून आलेख काढायला लावणं, म्हणजे यूएक्स कर्व्ह, आणि सर्व्हरचे लॉग, म्हणजे मोटर कधी चालू-बंद झाली याची आपोआप होणारी नोंद. आमचे साहेब म्हणतात, लॉग फुकटात आहेत, बाकीचं कशाला? कुणी असं काम केलंय का?

कोडवाला_संभाजीनगर:
ताई, एवढा घोळ कशाला? दर महिन्याला एसयूएसचा, म्हणजे वस्तू वापरायला किती सोपी ते मोजणाऱ्या ठरावीक प्रश्नावलीचा गूगल फॉर्म पाठवा. दहा प्रश्न, शंभरपैकी आकडा, सहा महिन्यांचा ग्राफ तयार. साहेबही खूश.

गोदाकाठ_नांदेड:
कोडवाले, एसयूएस चांगलं आहे, १९८६ पासून टिकून आहे ते उगाच नाही. पण त्यातली वाक्यं एकाआड एक सुलटी-उलटी असतात. "ही पेटी विनाकारण किचकट आहे" हे वाक्य साठीच्या माणसाला फोनवर वाचून दाखवा आणि सहमत की असहमत विचारा. तो म्हणतो, "हो हो, चांगलीय की." आता याचा आकडा काय मांडणार? शिवाय वीस जणांत महिन्याला चार-पाच गुणांचा चढउतार आपोआपच होतो. आणि कारण तर त्यातून कळतच नाही.

ताई, आता तुमच्या साहेबांच्या लॉगकडं येते. लॉग ठेवाच, पण एकटे ठेवू नका. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की आठ-आठ दिवस मोटर बंद. हरभरा घाट्यात भरला की पाणी तोडतात, पुन्हा मोटर बंद. मधेच कुणाला सरकारी योजनेतून सौर पंप मिळतो, मग तुमची पेटी गोठ्यात जाते. सर्व्हरवर तिन्ही सारखंच दिसतं: आलेख खाली, ग्राहक गेला. त्याला पेटीचा कंटाळा आलेला नसतोच. उलटंही होतं. लॉग भरगच्च दिसतो, पण बटण दाबणारा पोरगा हिंजवडीत बसलेला असतो आणि बापाला ॲप उघडताही येत नाही. लॉगचा खरा उपयोग एकच: खड्डा दिसला की त्याच दिवशी फोन लावायचा.

मधूनच मेसेज टाकायची पद्धत पेजरच्या जमान्यातली आहे. लार्सन आणि चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ च्या लेखात ती सविस्तर मांडली. दिवसातून दहादा हातात घ्यायची वस्तू असेल तर झकास. तुमची पेटी लाईट आल्यावरच कामाची. दुपारी दोनला विचारलं तर सांगण्यासारखं काही नसतं, आणि रात्री दोनला विचाराल तर ज्या झोपेसाठी त्यानं पैसे मोजले तीच तुम्ही मोडाल!

त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, धार काढून झाल्यावर विचारा. मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना कालचा दिवस प्रसंगाप्रसंगानं आठवायला लावला होता. तसंच करायचं. "रात्री पाळी होती ना? लाईट आल्यापासून काय काय झालं ते क्रमानं सांगा." उत्तर व्हॉइस मेसेजवर घ्या, लिहायला लावू नका. अशा उत्तरांतून लॉगमध्ये कधीच न सापडणाऱ्या गोष्टी निघतात. एकानं मला सांगितलं होतं, मोटर घरून चालू होते खरी, पण तुषारचे पाइप बदलायला जावंच लागतं, मग झोप वाचली कुठं? ड्रिपवाल्याला हीच पेटी देवासारखी वाटते. वस्तू तीच, अनुभव वेगळा, आणि फरक पेटीत नाहीच.

सहा महिने रोज कुणी बोलत नाही. पहिले पंधरा दिवस रोज घ्या, मग महिन्यातला एक आठवडा. आणि पेटी बसवायच्या आधीही एकदा बोला. २००९ मध्ये करापानोस नावाच्या संशोधकानं आणि मंडळींनी आयफोन घेणाऱ्या सहा जणांना खरेदीच्या आधीचा एक आठवडा आणि नंतरचे चार आठवडे धरून अभ्यासलं. सुरुवातीला नवलाई आणि शिकायची अडचण बोलण्यात जास्त, पुढं रोजच्या जगण्यात ती वस्तू कुठं बसली यावर भर. आधीची अपेक्षा नोंदवलेली नसेल तर नंतरची नाराजी कशावर आहे ते समजत नाही.

आता कर्व्ह. कुयाला, रोटो वगैरेंनी २०११ मध्ये ती पद्धत मांडली. कागदावर काळाची आडवी रेघ, वर चांगलं, खाली वाईट, माणूस रेघ काढतो आणि प्रत्येक वळणावर कारण सांगतो. लोक म्हणतील, आठवण फसवी असते. असतेच. रेडेलमायर आणि कानेमन यांच्या १९९६ च्या कोलोनोस्कोपीच्या अभ्यासात रुग्णांची आठवण सगळ्यात तीव्र क्षणावर आणि शेवटच्या काही मिनिटांवर ठरली, तपासणी किती वेळ चालली याचा तिच्यावर फारसा परिणाम नव्हता. पण हॉटेलात चहा पिताना शेजाऱ्याला पेटी घे किंवा घेऊ नको हे माणूस आठवणीवरूनच सांगतो, तुमच्या डायरीवरून नाही. म्हणून काय दुरुस्त करायचं ते डायरीला विचारा, आणि पेटी पुढं खपेल का ते कर्व्हला. दोन्ही जुळले नाहीत तर बिचकू नका, त्याच माणसाला पुन्हा फोन करा, खरा माल तिथंच असतो.

फोनवर कर्व्ह काढून घ्यायचा तर रेघा छापलेला कागद आधी पोस्टानं पाठवा. त्याला एकटं सोडू नका, कॉलवर बोलत बोलत काढू द्या, मग फोटो मागवा. आडव्या रेघेवर जानेवारी-फेब्रुवारी लिहू नका. पेरणी, येळवस (वेळ अमावस्या), संक्रांत, हरभऱ्याची काढणी, पाडवा असं लिहा. तुमच्या भागात येळवशीला सगळं घर शेतात असतं, त्या दिवशी मोटरीचं काय झालं ते माणूस विसरत नाही.

पाटोदेकर:
गोदाकाठ ताईंनी बरंच सांगितलंय, त्यात थोडी भर. वीस जणांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप करायचा मोह होईल, तो करू नका. गावातला वजनदार माणूस "एक नंबर" म्हणला की बाकीचे नुसते अंगठे दाखवतात. ज्याचं त्याच्याशी वेगळं बोला. दुसरं, मानधनाचं. सगळं शेवटी देऊ नका, महिन्याच्या महिन्याला रिचार्ज मारा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात निम्मे फोन उचलत नाहीत. आमच्याकडं दिवाळीनंतर लोक ऊसतोडीला जातात. निवडतानाच विचारून घ्या, घरात रब्बीभर कोण राहणार आहे. आणि संमती मराठीत, आवाजातच घ्या. व्हॉइस मेसेजमध्ये मागून घरातल्या बायापोरांचं बोलणंही येतं, ते कुणाला ऐकवायचं नाही हे साहेबांनाही सांगून ठेवा.

औसेकरीण:
आभार दोघांचेही! कोडवाले, तुमचा फॉर्म फक्त ॲप वापरणाऱ्या पोरांना पाठवते, रागावू नका. आज सकाळी चाचणी म्हणून एका काकांना विचारलं, तर उत्तर आलं: "बाई, पेटी चांगलीय, पण लाईटच येऊलाली नाही तर पेटी काय करल?" हे मी पेटीच्या खात्यात टाकू की लाईटच्या? आणि पोरगा पुण्यात, बाप शेतात असेल तर कर्व्ह कुणाकडून काढून घ्यायचा?

गोदाकाठ_नांदेड:
दोघांकडून, वेगवेगळ्या दिवशी. पोराच्या रेघेत ॲप असतं, बापाच्या रेघेत पाणी. एकत्र बसवलंत तर बाप पोराचंच बरोबर म्हणून मोकळा होतो. लाईटचं उत्तर टाकून देऊ नका. वेगळा रकाना करा, पेटीच्या हाताबाहेरचं म्हणून. त्यात रेंजही घाला. सुरू करण्याआधी प्रत्येक विहिरीवर कुणाचं सिम चालतं ते विचारून घ्या. निलंग्याकडच्या काही शिवारांत एका कंपनीचं चालतं, दुसऱ्या कंपनीचं झाडावर चढलं तरी नाही.