सल्फाइट क्षपणक असूनही ऑक्सिडीकारक इजा का करते?

प्रश्न: सल्फर डायऑक्साइड श्वसनमार्गातील ओलाव्यात विरघळून सल्फाइट तयार होते, हे समजले. परंतु इलेक्ट्रॉन देणाऱ्या (क्षपणक) पदार्थामुळे ऑक्सिडीकारक, म्हणजे इलेक्ट्रॉन हिरावले जाऊन होणारी, इजा कशी होते?

उत्तर १: सल्फाइटचे दोन इलेक्ट्रॉन गेले तर निरुपद्रवी सल्फेट मिळते, शरीरातील मॉलिब्डेनमयुक्त सल्फाइट ऑक्सिडेज हे विकर नेमके तेच करते. मात्र प्रदूषित धुळीतील लोह किंवा सहा संयुजेचे क्रोमियम, अथवा वाहनांच्या धुरातील नायट्रोजन डायऑक्साइड यांनी त्याचा एकच इलेक्ट्रॉन काढून घेतला, तर अयुग्मित (जोडीविना) इलेक्ट्रॉन असलेले, म्हणून अतिशय क्रियाशील असे सल्फाइट मूलक मागे उरते, जे ऑक्सिजनशी अतिशय वेगाने संयोग पावून पेरॉक्सिमोनोसल्फेट मूलक बनते आणि त्यातूनच पुढे सल्फेट मूलक निर्माण होते. माझ्या मते खरी चिंता या शेवटच्या मूलकाची आहे, कारण ऑक्सिडीकरणात ते पेशीतील बहुतेक रेणूंचे इलेक्ट्रॉन हिरावणाऱ्या हायड्रॉक्सिल मूलकाच्या तोडीचे आहे. शिवाय ते दुसऱ्या सल्फाइटचाही इलेक्ट्रॉन ओढते, त्यामुळे साखळी सुरूच राहते.

प्रश्नकर्ता: म्हणजे धूळ आणि वायू एकत्र असणे अधिक घातक. ही मूलके दिसतात कशी?

उत्तर २: ती अल्पायुषी असल्याने डीएमपीओसारख्या सापळा-रेणूत पकडून इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स या अयुग्मित इलेक्ट्रॉन ओळखणाऱ्या तंत्राने त्यांचा वर्णपट घेतात. येथे एक काळजी अवश्य घ्यावी: प्रयोगातील बफरमधील (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातील) धातूंचे सूक्ष्म अंशही सल्फाइटचे ऑक्सिडीकरण सुरू करतात, म्हणून डीटीपीए हा धातूंना बांधून ठेवणारा पदार्थ घालून आणि न घालता, असे दोन्ही नमुने तपासावेत. डीटीपीएमुळे संकेत क्षीण झाला, तर मूलके तपासल्या जाणाऱ्या प्रदूषकाऐवजी त्या अंशांमुळे आली असण्याची दाट शक्यता असते.