पुण्यात फिशटँकला हीटर हवाच का?

काचेपलीकडे, पुणे
सत्तर लिटरची टाकी, दोन वर्षं झाली. गप्पी, तीन मोली, चार झेब्रा डॅनिओ आणि एक सकर, जो दिवसा तोंड दाखवत नाही. थंडी पडली की आमच्या दुकानदाराचं सुरू होतं, "हीटर नेला का?" नेला नाही, नेणारही नाही. दोन हिवाळ्यांत थंडीने एकही मासा गेलेला नाही. टाकी घरात आहे, खिडकीपासून लांब आहे, आणि पाणी काही हवेसारखं तासाभरात गार पडत नाही. शंभर वॅटचा हीटर रोज दहा तास चालला तर महिन्याला तीस युनिटं. कशापायी? डॅनिओ गंगेच्या खोऱ्यातला, ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा. तिकडे पौषात त्याला कोण पाणी तापवून देतं?

गोदाकाठ, नाशिक
डॅनिओचं खरं आहे, तो सोसतो. पण मोली मेक्सिकोकडची, तिला पंचवीसच्या पुढचं पाणी लागतं. मेली नाही म्हणजे सुखात आहे असं नव्हे. पहाटे उठून बघा, पर मिटून एका जागी थरथरत उभी असेल.

माझ्याकडे बारा निऑन टेट्रा होते. जानेवारीत सकाळी पाणी १८ वर. तीन दिवसांत अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. उरले पाच.

काचेपलीकडे
व्हाइट स्पॉट गारठ्यातून जन्माला येत नाही, तो परजीवी आहे. त्याआधी नवे मासे सोडले होते का, ते सांगा.

गोदाकाठ
सोडले होते, सहा. तेवढी चूक माझी. पण मेलेल्या सातांत जुने चार होते, त्यांचं काय? गारठलेल्या माशात झुंजायची ताकद नसते. शेवटी हीटरच आणला आणि दोन दिवसांत हळूहळू २८-२९ पर्यंत नेलं. हा किडा माशाचं अंग सोडून पाण्यात उतरतो तेव्हाच औषध त्याला लागतं. कोमट पाण्यात त्याचा फेरा काही दिवसांत उरकतो, गार पाण्यात तो आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. एअर पंप मात्र जोरात ठेवावा लागला.

एकदा पोळलेला, ठाणे
मी काचेपलीकडे यांच्या बाजूने. साठ लिटरची टाकी, सहा एंजल. दुकानदार म्हणाला, "दोनशे वॅटचा न्या, लवकर तापेल." नेला. एका रात्री थर्मोस्टॅट, म्हणजे ठरल्या तापमानाला हीटर बंद करणारा स्विच, चिकटला. सकाळी झाकणाच्या आतून पाणी ठिबकत होतं, थर्मामीटर ३८, आणि हीटरचा लाल दिवा अजून पेटलेलाच. सहाही एंजल वर आडवे. मुलीला शाळेत जाईपर्यंत सांगितलं नाही.

नंतर गणित मांडलं. साठ लिटरला दोनशे वॅट म्हणजे तासाला जवळजवळ तीन अंश. रात्रभरात काय शिल्लक राहणार? थंडीने मासा सुस्तावतो, हीटर बिघडला की शिजतो.

गोदाकाठ
वाईट वाटलं वाचून. पण हा दोष मापाचा आहे, हीटरचा नाही. लिटरला एक वॅट पुरतो. ठाण्याला तर त्याहून कमी चालेल. मोठ्या टाकीत एका मोठ्याऐवजी दोन छोटे लावायचे, म्हणजे एक चिकटला तरी इतकं चढत नाही. थर्मामीटर हीटरच्या शेजारी नाही, समोरच्या टोकाला. आणि पाणी बदलायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी प्लग काढायचा. हीटरची तापलेली नळी उघडी पडली आणि वर गार पाणी ओतलं की तिची काच तडकलीच.

संत्रानगरी, नागपूर
भाऊ, तुम्ही भांडा गारठ्यावर. आमच्या इथं मे महिन्यात टाकी ३४ वर जाते, तिचं बोला. वीस अंशाच्या लिटरभर पाण्यात नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तिशीत साडेसातच, आणि माशाला उकाड्यात लागतो जास्त. दुपारी सगळे वर येऊन तोंड उघडझाप करत राहतात.

बर्फाच्या बाटल्या टाकून पाहिल्या. पाणी भसकन उतरतं, बर्फ वितळला की परत चढतं. त्या हेलकाव्यानंच मासे हैराण. आता झाकण काढून जाळी लावली आणि पाण्यावर छोटा पंखा सोडला. शंभर लिटरमधलं अर्धा लिटर पाणी उडालं की साधारण तीन अंशांची उष्णता घेऊन जाते. क्षार मात्र मागंच राहतात, म्हणून वरून भर घालायला बोअरचं पाणी नाही, आरओचं. आणि टाकी कूलरच्या खोलीत. बाबा म्हणतात, कूलर माझ्यासाठी की माशांसाठी?

एकदा पोळलेला
पंख्याचा हा खेळ कोरड्या हवेत. इथे जूनमध्ये टॉवेल वाळत नाही, टाकीतलं पाणी काय उडणार! जेमतेम एक अंश उतरतं.

संत्रानगरी
हाव, ते आहे. आणि काचेपलीकडे, सत्तर लिटरमध्ये सकर? तो फूटभर वाढतो, सांगून ठेवतो.

काचेपलीकडे
सकरचा विषय वेगळा धागा काढून बोलू.

चार दिवस मोजलं. रात्री अकराला साडेबावीस, सकाळी सहाला वीस. गप्पी आणि डॅनिओ खायला धावून आले. मोली मात्र थरथरत होत्या, तिन्ही. दोन वर्षं मी सातच्या आधी कधी टाकीकडे पाहिलंच नव्हतं.

तरी डॅनिओ-गप्पीला पुण्यात हीटर नको, हे मत कायम. बहिणीची टाकी मुलुंडला आहे, मोली रविवारी तिकडे. बसने पिशवीतून कशा न्यायच्या?

एकदा पोळलेला
पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा. पिशवी थर्मोकोलच्या डब्यात. आदल्या दिवशी खायला घालू नका. पोचल्यावर पिशवी तशीच वीसेक मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग तिथलं पाणी थोडं थोडं आत घ्या.

गोदाकाठ
म्हणजे हीटर घेणार नाही, मासाच गरम गावाला पाठवणार. शाब्बास!